न दिसणाऱ्या स्नायूंची शाळा

शाळेच्या क्रीडादिनी शिक्षकांसाठीही एखादी गमतीची स्पर्धा ठेवतात. दोरीवरच्या उड्या पुकारल्या की दोन-चार बाई हसत हसत मागे सरतात. "आता काय आमचं वय राहिलंय का?" असे म्हणून टाळ्या वाजवायला उभ्या राहतात. वय असते फार तर पस्तीस-चाळीस. खरे कारण वेगळेच असते, आणि ते शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीलाही सांगितलेले नसते. उडी मारली, जोराची शिंक आली, पाण्याने भरलेली कळशी उचलली, की लघवीचे थोडे थेंब निसटतात. बाळंतपणानंतर हे सुरू झालेले असते. "बाईच्या जातीला हे चालायचंच," असे आई म्हणालेली असते, आणि आईला तिच्या आईने तेच सांगितलेले असते.

आता दुसरे चित्र पाहू. निवृत्त झालेले एक सर. प्रोस्टेट (पुरःस्थ ग्रंथी) च्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते. रोग आटोक्यात आला म्हणून घरचे पेढे वाटतात. पण त्यानंतर सर वाचनालयात येईनासे होतात, लग्नकार्याला जात नाहीत, एस.टी.चा लांबचा प्रवास टाळतात. कारण तेच, आणि तेही कोणाला सांगितलेले नसते.

या दोघांच्याही अडचणीशी संबंध असलेला स्नायूंचा गट एकच आहे. हाताचे, पोटरीचे, हृदयाचे स्नायू आपण वर्गात शिकलो आणि शिकवलेही. या गटाचे नाव मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेले नाही. या स्नायूंचा, आणि त्यांना व्यायाम शिकवण्याच्या उपचाराचा इतिहास या लेखात आपण पाहणार आहोत. तो डॉक्टरांइतकाच शिक्षकांनीही वाचावा असे आम्हाला वाटते. त्याचे कारण ओघात येईलच.

झोळी आणि तिचे काम

कमरेच्या हाडांचा घेर म्हणजे श्रोणी. बूड नसलेल्या खोलगट भांड्यासारखा तिचा आकार असतो. हाडांचे बूड नसले तरी पोटातले अवयव खाली येत नाहीत, कारण तेथे स्नायूंचा एक पडदा ताणून बसवलेला असतो. यालाच श्रोणितळ म्हणायचे. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंना श्रोणीच्या भिंती, अशी ही झोळी टांगलेली असते. मूत्राशय, मलाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय, या सर्वांना तिचा आधार असतो.

झोळीचे काम मात्र अवघड आहे. वरचा भार तोलायचा, पण वाटही बंद करायची नाही. मूत्रमार्ग, गुदमार्ग आणि स्त्रियांमध्ये योनिमार्ग याच पडद्यातून बाहेर येतात. एरवी त्या वाटा आवळून धरायच्या आणि वेळ आली की पुरत्या सैल सोडायच्या, अशी दुहेरी जबाबदारी या स्नायूंवर असते. त्यांतल्या मुख्य स्नायूचे लॅटिन नाव 'लिव्हेटर अनाय' म्हणजे 'गुद वर उचलणारा' असे आहे.

गंमत अशी की, शेपूट असलेल्या चतुष्पाद प्राण्यांमध्ये हेच स्नायू शेपटी हलवण्याच्या आणि खाली दाबण्याच्या कामी येतात. त्यांच्या पोटातल्या अवयवांचा भार मुख्यतः पोटाची भिंत पेलते. माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा भाराची दिशा बदलली. शेपूट गेली, आणि तिचे स्नायू जमिनीच्या कामाला लागले. ज्या हाडाला ते आजही चिकटलेले आहेत त्याला आपल्या भाषेत माकडहाड म्हणतात, हे नाव फारच नेमके आहे!

आपण झोपलो तरी या स्नायूंना पूर्ण सुट्टी नसते. त्यांच्यात सतत थोडा ताण असतो. त्यासाठी लागणारे संथ पण न थकणारे तंतू त्यांच्यात जास्त असतात. खोकला किंवा शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो. तेव्हा झटकन आवळणारे जलद तंतू कामाला येतात.

हे घडते कसे, याचा एक सोपा दाखला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॉन डिलान्सी यांनी १९९४ साली मांडलेल्या विचारात सापडतो. पाण्याची रबरी नळी पक्क्या फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी बंद होते. तीच नळी चिखलात ठेवून पाय दिला तर ती खाली रुतते आणि पाणी वाहतच राहते. मूत्रमार्ग म्हणजे नळी, पोटातला दाब म्हणजे पाय आणि श्रोणितळ म्हणजे फरशी. फरशी भक्कम असेल तर खोकल्याचा दाब नळीला मिटवतो. ती सैल असेल तर तोच दाब पाणी बाहेर ढकलतो. शाळेच्या बागेत हा प्रयोग पाच मिनिटांत करून दाखवता येईल.

फरशी सैल का होते? बाळंतपण हे एक मोठे कारण आहे. डिलान्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एम.आर.आय. चित्रांच्या साहाय्याने केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. नैसर्गिक प्रसूती झालेल्या १६० पहिलटकरणींपैकी २० टक्के स्त्रियांच्या लिव्हेटर स्नायूत इजा दिसत होती. मूल न झालेल्या ८० स्त्रियांमध्ये तशी एकही आढळली नाही. म्हणजे "चालायचंच" या शब्दाआड पुष्कळदा खरीखुरी दुखापत असते. गुडघ्याच्या दुखापतीला आपण उपचार देतो. हिला मात्र सवयीचे नाव देऊन गप्प बसतो.

नर्तकी आणि सिस्टर

१८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्त्यांची एक संस्था स्थापन केली. मालीश या शब्दाला त्या काळी आलेली बदनामी धुऊन काढावी आणि या कामाला शिस्त, परीक्षा व प्रमाणपत्र असावे हा तिचा हेतू होता. ब्रिटनमधल्या भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, व्यवसाय याच संस्थेतून वाढला. तेव्हा हा व्यवसाय बहुतांशी स्त्रियांच्या हाती होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडेल या परिचारिका, सुईण आणि भौतिकोपचारतज्ज्ञ काम करीत. बाळंतिणीला दिवसेंदिवस खाटेवर निजवून ठेवण्याचा तो काळ होता. रँडेलबाईंचे मत उलट होते. बाळंतिणीने हलके व्यायाम लवकर सुरू करावेत, असे त्या म्हणत. त्यांना सोबत मिळाली ती मार्गारेट मॉरिस या नर्तकीची. स्वतःची नृत्यपद्धती बसवणाऱ्या या बाई ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर भौतिकोपचार शिकल्या. १९३६ साली मॉरिस व रँडेल यांचे गरोदरपणातील आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवरचे पुस्तक निघाले. श्रोणितळाचे स्नायू आवळणे व सैल सोडणे या व्यायामाचा त्यात समावेश होता. लघवी किंवा मलावरचा ताबा सुटू नये म्हणून आणि सुटला असल्यास तो परत यावा म्हणून हा व्यायाम सांगितला गेला.

नर्तकीला हे सुचावे यात आश्चर्य नाही. शरीराचा एकच भाग सुटा ओळखून हलवायचा, बाकीचे अंग शांत ठेवायचे, हे तर नृत्याच्या शिक्षणाचे मर्म आहे. पण व्यायाम बरोबर होतो आहे की नाही, आणि स्नायूची ताकद किती वाढली, हे आकड्यात दाखवणारे साधन त्यांच्या हाताशी नव्हते.

केगेल यांचे मापयंत्र

ते साधन अमेरिकेत तयार झाले. लॉस एंजेलिसमध्ये काम करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल लघवीच्या गळतीवर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया पाहत. काही काळ बरे वाटून पुष्कळ जणींचा त्रास परत येई. तपासताना त्यांच्या लक्षात आले की अनेक स्त्रियांना हे स्नायू आवळा म्हटले तर आवळताच येत नाहीत. जो स्नायू वापरला जात नाही तो रोडावतो. मग नुसती टाकेशिवण करून तो सुधारणार कसा?

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे पाय महिनोन्महिने प्लास्टरमध्ये राहून स्नायू वाळून जात. थॉमस डिलॉर्म या तरुण सैनिकी डॉक्टरांनी त्यांना वजने उचलायला लावली आणि ती हळूहळू वाढवत नेली. १९४५ साली त्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला. स्नायूला वाढत्या विरोधाविरुद्ध काम करायला लावले तर तो बळकट होतो, हा विचार तेव्हा वैद्यकात नव्याने रुजत होता. केगेल यांनी हाच विचार श्रोणितळाला लावला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'वाढत्या विरोधाचा व्यायाम' हे शब्द होते.

पण या स्नायूंना वजन बांधणार कुठे? केगेल यांची युक्ती साधी होती. योनिमार्गात ठेवायची एक छोटी रबरी हवापिशवी आणि तिला नळीने जोडलेला दाबमापक. स्नायू आवळले की पिशवी दाबली जाई आणि पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाबाचा आकडा वर चढे. रक्तदाब मोजण्याच्या उपकरणाचेच हे भावंड. पिशवीने दोन कामे केली : स्नायूला विरोध दिला, आणि जे डोळ्यांना दिसत नव्हते ते दाखवले. स्त्री स्वतःच काट्याकडे पाही. आज चारच मिलिमीटर, पुढच्या आठवड्यात सात. या यंत्राला त्यांनी पेरिनिओमीटर असे नाव दिले. शरीरात काय चालले आहे ते यंत्रावर पाहून ते सुधारायचे, या पद्धतीला पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'बायोफीडबॅक' हे नाव पडले. केगेल यांनी ती वीस वर्षे आधी वापरली होती.

दिवसातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे व्यायाम, आणि ठरावीक दिवसांनी तपासणी अशी त्यांची शिस्त होती. आपल्या रुग्णांपैकी सुमारे ८४ टक्के बऱ्या झाल्या असा त्यांचा दावा होता. तो आकडा आपण जपूनच घ्यायला हवा, कारण व्यायाम न केलेल्या स्त्रियांचा तुलनेसाठी गटच नव्हता. उत्साही वैद्याकडे उत्साही रुग्ण टिकतात आणि नाउमेद झालेले परत येत नाहीत. मग टक्केवारी आपोआपच चांगली दिसते.

सांगितले, पण शिकवले का?

पुढे एक विचित्र गोष्ट घडली. केगेल यांचे नाव जगभर गेले, पण पद्धत मागे राहिली. मापयंत्र गेले, तपासणी गेली, पाठपुरावा गेला. उरली ती एक सूचना : "केगेलचे व्यायाम करा." बाळंतिणीच्या हातात एक पत्रक द्यायचे, दोन वाक्ये बोलायची आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायची. व्यायामाने गुण आला नाही की "व्यायामाने काही होत नाही" असा निष्कर्ष काढायचा.

१९९१ साली रिचर्ड बम्प व सहकाऱ्यांनी या 'दोन वाक्यां'चीच परीक्षा घेतली. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना दिली आणि त्यानंतर त्या स्नायू कसे आवळतात हे उपकरणांनी मोजले. २३ जणींचा, म्हणजे सुमारे निम्म्यांचा, प्रयत्न बरोबर होता. पण १२ जणी असे काही करीत होत्या की त्याने गळती कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव होता. वर उचलण्याऐवजी त्या खाली जोर करीत होत्या!

शिक्षकांनी हा इतिहास वाचावा असे आम्ही म्हटले ते याचसाठी. दर चार विद्यार्थ्यांमागे एक जण सांगितले त्याच्या नेमके उलट करतो आहे, आणि ते न त्याला कळते, न शिक्षकाला. असा अनुभव वर्गात कोणाला आला नसेल? हातचा कसा घ्यायचा हे फळ्यावर सांगून आपण पुढे जातो. वही तपासेपर्यंत सगळ्यांना समजले असेच आपल्याला वाटते. येथे तर वहीसुद्धा नाही. स्नायू दिसत नाही, शिकवणाऱ्याला तो करून दाखवता येत नाही, आणि शिकणारी लाजेने विचारत नाही. अशा वेळी तपासणीशिवाय शिकवणे म्हणजे न शिकवणेच.

यातली दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. मिशिगनमध्येच जॅनिस मिलर व सहकाऱ्यांनी २७ वयस्क स्त्रियांना फक्त एकच गोष्ट शिकवली : खोकण्याच्या अगदी आधी श्रोणितळ आवळायचे. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याभराच्या सरावानंतर मध्यम खोकल्यातली गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यातली ७३ टक्क्यांनी घटली. एका आठवड्यात स्नायू काही जाड होत नाही. वाढले होते ते कसब. नेमकी वेळ साधणे हेही स्नायूंचे शिक्षणच आहे.

चिठ्ठ्या टाकून तुलना

व्यायामाचा खरा गुण किती, हे ठरवायचे तर रुग्णांचे गट नशिबाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडायला हवेत, आणि मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे कळता कामा नये. नॉर्वेतल्या भौतिकोपचारतज्ज्ञ कारी बो यांनी तशी चाचणी घेतली. १९९९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ताणामुळे लघवी निसटणाऱ्या १०७ स्त्रियांचे चार गट होते : व्यायाम, विजेची उत्तेजना, योनिमार्गात धरून ठेवायचे वजनदार शंकू, आणि उपचार नाही. सहा महिन्यांनंतर व्यायामाचा गट सर्वांत पुढे होता. दिवसातून तीन वेळा ८ ते १२ जोरकस आकुंचने, आणि आठवड्यातून एकदा तज्ज्ञांबरोबर सामूहिक वर्ग, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. यंत्रे मागे पडली आणि वर्ग पुढे गेला!

अशा अनेक चाचण्या एकत्र तपासणारा कोक्रेन संस्थेचा आढावा २०१८ साली आला. त्यात १४ देशांतल्या ३१ चाचण्या व १,८१७ स्त्रिया होत्या. ताणामुळे गळती होणाऱ्यांपैकी 'मी बरी झाले' असे सांगणाऱ्या व्यायामगटात ५६ टक्के, तर तुलनेच्या गटात ६ टक्के निघाल्या. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेतही निदान तीन महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेला हा व्यायाम पहिला उपाय म्हणून सांगितला आहे. फ्रान्समध्ये तर १९८० च्या दशकापासून बाळंतिणीच्या या प्रशिक्षणाचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो.

म्हणून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरते का? तसे मुळीच नाही. नेदरलँड्समध्ये मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या ४६० स्त्रियांवर झालेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. वर्षानंतर मूत्रमार्गाखाली आधारपट्टी बसवलेल्या गटात सुमारे ९१ टक्क्यांना, तर भौतिकोपचाराच्या गटात ६४ टक्क्यांना बरे वाटले. भौतिकोपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. यातून दोन्ही गोष्टी दिसतात. व्यायाम सर्वांना पुरत नाही. पण ज्यांना तो पुरतो त्या शस्त्रक्रियेच्या जोखमीतून वाचतात. निर्णय तिचा असावा, आणि तो माहितीवर आधारलेला असावा.

पुरुषांची पाळी

हे सर्व स्त्रियांचे म्हणून पुरुषांनी मान फिरवण्याचे कारण नाही. मूत्राशयाच्या तोंडाशीच प्रोस्टेट ग्रंथी असते. कर्करोगामुळे ती पूर्ण काढली की लघवी धरून ठेवण्याच्या व्यवस्थेचा एक भाग तिच्याबरोबर जातो. उरलेला भार बाहेरच्या झडपेवर आणि श्रोणितळावर पडतो. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन येथे मारिके व्हान काम्पेन यांनी अशा १०२ पुरुषांवर चाचणी घेतली. २००० सालच्या अहवालानुसार तीन महिन्यांनी व्यायाम शिकवलेल्यांपैकी ८८ टक्के, तर इतरांपैकी ५६ टक्के पुरुष कोरडे राहू लागले होते.

हा निष्कर्ष ऐकून कोणालाही वाटेल की प्रश्न मिटला. पण विज्ञानात एका चाचणीने प्रश्न मिटत नाही. २०११ साली ब्रिटनमधल्या एका बऱ्याच मोठ्या चाचणीचा अहवाल आला. त्यात प्रोस्टेट पूर्ण काढलेले ४११ पुरुष होते. तज्ज्ञांनी प्रत्येकाला स्वतंत्र शिकवूनही वर्षअखेरीस गळतीचे प्रमाण ७६ विरुद्ध ७७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. पुरुषांमध्ये व्यायामाने बरे होणे लवकर होते, की शेवटी दोन्ही गट एकाच जागी पोचतात? कोणाला तो उपयोगी पडतो आणि कोणाला नाही? स्त्रियांच्या बाबतीत पुरावा जितका भक्कम आहे तितका तो येथे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

पुरुषांचा संबंध आणखी एका दिशेने आला. कॅन्सस सिटीचे डॉक्टर जॉर्ज थील यांनी १९३७ साली माकडहाडाच्या दुखण्याविषयी लिहिले. त्यांना अनेक रुग्णांमध्ये हाड ठीक, पण श्रोणितळाचे स्नायू सतत आखडलेले आढळले. त्यांनी गुदमार्गातून त्या स्नायूंना मालीश करून ते सैल केले. म्हणजे फरशी नेहमी सैलच असते असे नाही. ती नको इतकी घट्टही असू शकते. ओटीपोटात, जांघेत, बसल्या जागी महिनोन्महिने दुखते, लघवीला कळ येते, आणि तपासण्यांत जंतू सापडत नाहीत. असे पुरुष 'प्रोस्टेटची सूज' या नावाखाली औषधे घेत फिरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अशा दुखण्याच्या ४७ जणांपैकी (२३ पुरुष, २४ स्त्रिया) श्रोणितळाचे स्नायू हाताने सैल करण्याचा उपचार घेतलेल्यांत ५७ टक्क्यांना, तर सर्वांगाचे साधे मालीश घेतलेल्यांत २१ टक्क्यांना आराम पडला. यांना आवळण्याचा व्यायाम दिला तर दुखणे वाढू शकते. त्यांना शिकायचे असते ते सैल सोडायला.

अमेरिकेतल्या या विषयाच्या तज्ज्ञांनी १९७७ साली स्थापन केलेला गट 'प्रसूती व स्त्रीरोग' या नावाचा होता. पुढे तो 'स्त्री-आरोग्य' विभाग झाला, आणि आज त्याच्या नावात 'श्रोणि-आरोग्य' हा शब्द आहे. नाव बदलत गेले तसतशी रुग्ण कोण याची कल्पनाही रुंदावत गेली.

आपल्याकडे

हे वाचताना अनेकांना मूलबंध आणि अश्विनीमुद्रा आठवली असेल. हठप्रदीपिकेत मूलबंधाचे आणि घेरंडसंहितेत अश्विनीमुद्रेचे वर्णन आहे. गुदाचा संकोच करून अपान वर खेचणे ही क्रिया श्रोणितळाच्या आकुंचनाशी मिळतीजुळती आहे यात शंका नाही. हा स्नायू इच्छेनुसार आवळता येतो, हे निरीक्षण आपल्याकडे शतकांपूर्वीचे आहे. पण या ग्रंथांचा हेतू साधना हा होता. बाळंतिणीची गळती त्याने किती बरी होते, याची मोजणी त्यांत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. "सगळे आमच्याकडे होतेच" असे म्हणून थांबलो तर मोजायचे राहूनच जाते. स्वामी कुवलयानंदांनी तसे केले नाही. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून त्यांनी उड्डियान व नौली करताना शरीरातला दाब किती बदलतो ते उपकरणांनी मोजले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. परंपरेकडे पाहण्याची ही रीत आम्हाला अनुकरणीय वाटते.

आपल्याकडचा खरा अडथळा मात्र माहितीच्या आधीचा आहे. तो मौनाचा आहे. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास श्रोणितळापुरता नव्हता. पण दुखणे अंगावर काढणे म्हणजे काय, हे त्या दोन आकड्यांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. 'अंग बाहेर येणे' हा शब्दप्रयोग खेड्यापाड्यांतल्या बायकांना माहीत असतो. त्यावर उपाय असतो हे मात्र ठाऊक नसते.

आपण काय करू शकतो?

ज्यांना त्रास आहे त्यांनी प्रथम डॉक्टरांना आणि शक्य तर या विषयाचे शिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञांना भेटावे. व्यायामाचे स्वरूप असे : पोटातला वायू आणि लघवी एकाच वेळी अडवावी तसे स्नायू आत आणि वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही. मांड्या, कुल्ले आणि पोट आवळायचे नाही. प्रत्यक्ष लघवी करताना ती पुनःपुन्हा मध्येच अडवणे हा सराव नव्हे. तसे करू नये. दुखणे हीच तक्रार असेल तर आपल्या मनाने हे व्यायाम सुरूच करू नयेत. आणि हे वाचून लगेच जमले असे समजू नये. चौघींपैकी एक उलटेच करीत होती, हे विसरू नका!

वर्गात आपल्याला याहून सोपे काम आहे. सांगाडा दाखवताना श्रोणीपाशी घाई न करता "या भांड्याला बूड कशाचे?" हा प्रश्न विचारता येईल. नळी आणि फरशीचा प्रयोग करता येईल. तासाला लघवीला जाऊ देण्याची परवानगी मागणाऱ्या मुलीला किंवा मुलाला सर्वांदेखत हटकणे थांबवता येईल. हा स्नायू सर्वांना असतो, त्याला इजा होते, आणि तो शिकू शकतो, एवढे तीन मुद्दे दहावीपर्यंत मुलामुलींच्या कानावर पडले तरी वीस वर्षांनी त्यांतली एखादी "चालायचंच" हे उत्तर निमूटपणे स्वीकारणार नाही. आणि पुढच्या क्रीडादिनी मागे सरणाऱ्या बाईंना बाजूला घेऊन हा अंक वाचायला द्यायला आपल्यापैकी कोणाचीच हरकत नसावी.